परदेशातला उन्हाळी अभ्यासक्रम आणि क्रेडिटचा हिशोब

अमेरिकेतल्या लॉ स्कूलांचे परदेशातले उन्हाळी कार्यक्रम, म्हणजे फ्लॉरेन्स, लंडन किंवा हेगला जाऊन चार-पाच आठवडे शिकायचं आणि त्याचं क्रेडिट इथल्या पदवीत धरायचं, यावर बरीच पत्रं आली आहेत. पालकांची आहेत, विद्यार्थ्यांची आहेत आणि दोन थेट महाराष्ट्रातून आली आहेत. राहण्या-खाण्याचे प्रश्न बाजूला ठेवून या वेळी मुख्यतः शैक्षणिक नियमांचे आणि त्यांच्या जोडीला व्हिसा, कर्ज, कार्यक्रम रद्द होणं यांचे प्रश्न घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत.

वाचण्याआधी चार शब्द लक्षात ठेवा. क्रेडिट म्हणजे अभ्यास मोजायचं एकक, पदवीला अशी ठराविक क्रेडिट लागतात. जेडी ही अमेरिकेतली कायद्याची मुख्य पदवी, पूर्णवेळ केल्यास साधारण तीन वर्षांची. एबीए म्हणजे अमेरिकन बार असोसिएशन. लॉ स्कूलांना मान्यता देण्याचं काम तिची परिषद करते. ‘यजमान’ म्हणजे परदेशातला कार्यक्रम चालवणारं लॉ स्कूल. ते विद्यार्थ्याचं स्वतःचंही असू शकतं, दुसरंही.

प्रश्न : मुलगी जेडीच्या पहिल्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात तिला फ्लॉरेन्सच्या चार आठवड्यांच्या कार्यक्रमाला जायचंय. कार्यक्रम दुसऱ्या लॉ स्कूलचा आहे, पण माहितीपत्रकात एबीएची मान्यता असल्याचं लिहिलंय. म्हणजे क्रेडिट मिळणारच ना? अनामत भरायची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. (एक आई, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : ताई, ‘मिळणारच’ असं नाही. अनामत भरण्याआधी हे नीट समजून घ्या, कारण बहुतेक दुखण्यांचं मूळ या एका समजुतीत असतं.

कार्यक्रम एबीएच्या निकषांत बसतो याचा अर्थ एवढाच, की मुलीच्या लॉ स्कूलला त्याचं क्रेडिट देण्याची मुभा आहे. द्यायचं की नाही, किती द्यायचं, गुण कसे दाखवायचे, हे सगळं तिचं लॉ स्कूल ठरवतं. माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात तसं वाक्य बहुधा सापडेल : क्रेडिट किंवा गुण स्वीकारणं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या लॉ स्कूलच्या निर्णयावर अवलंबून आहे. ते तिला शोधायला सांगा.

मग तिने आजच आपल्या रजिस्ट्रारला ईमेल करावा. काही ठिकाणी हे काम शैक्षणिक विभागाच्या सहायक डीनकडे असतं. ईमेलला कार्यक्रमाचं वेळापत्रक आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम जोडावा आणि नेमकं विचारावं : हे विषय आणि इतकी क्रेडिट मान्य आहेत का, किमान कोणता ग्रेड लागेल (बऱ्याच ठिकाणी सी लागतो, काही ठिकाणी त्याहून वरचा), गुण जीपीएत (सगळ्या ग्रेडांच्या सरासरीत) धरले जातील की नुसतं क्रेडिट नोंदलं जाईल, आणि उन्हाळ्यात एकूण किती क्रेडिट घेता येतात. उत्तर लेखी हवं. खिडकीशी उभं राहून ‘हो, होऊन जाईल’ असं ऐकलेलं सप्टेंबरमध्ये कुणालाच आठवत नाही.

परवानगीचा अर्ज मंजूर झाला की रजिस्ट्रारकडून ‘गुड स्टँडिंग’चं पत्र यजमान लॉ स्कूलला जातं. विद्यार्थी नियमित आहे, त्याच्यावर शैक्षणिक कारवाई चालू नाही, एवढंच त्यात असतं. ते थेट कार्यालयातून कार्यालयात जावं लागतं. विद्यार्थ्याने स्वतः पाठवलेली प्रत बहुतेक ठिकाणी चालत नाही.

पहिल्या वर्षाच्या मुलांच्या बाबतीत आणखी दोन ठिकाणी घोडं अडतं. एक म्हणजे निकालाची वेळ. दुसऱ्या सत्राचे ग्रेड लागायला मे अखेर, कधी जून उजाडतो आणि तोवर मुलं फ्लॉरेन्सला पोचलेली असतात. पहिल्या वर्षाअखेरचा जीपीए ठरलेल्या रेषेखाली गेला तर गुड स्टँडिंग जातं आणि दिलेली परवानगी मागे घेतली जाऊ शकते. तेव्हा असं झालं तर फीचं काय, हे यजमानाकडून आधीच विचारून घ्यावं.

दुसरी गोष्ट बदलीची. पहिल्या वर्षानंतर दुसऱ्या लॉ स्कूलला बदलून जायचा विचार तिच्या मनात असेल, तर आजच्या लॉ स्कूलच्या परवानगीचा फारसा उपयोग नाही. उन्हाळ्यातली क्रेडिट घ्यायची की नाही हे नवं लॉ स्कूल ठरवेल, आणि बाहेरून आणलेल्या क्रेडिटवर तिथे बहुधा कमाल मर्यादा असते. पहिल्या वर्षाच्या क्रेडिटनीच ती भरली, तर फ्लॉरेन्सची क्रेडिट तशीच बाहेर राहतात.

विषयांची नावंही तपासा. दोन लॉ स्कूलांत एकाच विषयाची दोन नावं असतात. फ्लॉरेन्सला ‘तुलनात्मक करार कायदा’ शिकली आणि पुढे आपल्या लॉ स्कूलमध्ये जवळपास त्याच अभ्यासक्रमाचा विषय घेतला, तर एकाचंच क्रेडिट मिळतं. म्हणून परवानगीच्या अर्जावर विषयापुढे ‘आपल्याकडे याच्याशी जुळणारा विषय कोणता’ हे रजिस्ट्रारकडून भरून घ्यावं.

कार्यक्रम संपल्यावरचं काम मुलं हमखास विसरतात. यजमानाकडून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (गुणपत्रक) आपोआप येत नाही, ते मागवावं लागतं. खोलीच्या किल्लीचा दंड जरी बाकी असला तरी ट्रान्सक्रिप्ट अडकू शकतं. ऑगस्टमध्ये मागवायचं आणि सप्टेंबरअखेर स्वतःच्या ट्रान्सक्रिप्टवर क्रेडिट चढलंय का ते डोळ्यांनी बघायचं.

प्रश्न : चार आठवड्यांत पाच क्रेडिट घ्यायचा विचार आहे. शुक्रवार ते रविवार सुट्टी आहे, त्यामुळे युरोप बघून होईल असं वाटतं. मात्र हजेरीचा नियम फार कडक आहे. दोनपेक्षा जास्त तास चुकले तर ग्रेडच देत नाहीत. एवढं ताणण्यासारखं काय आहे? (विद्यार्थी, शिकागो)

उत्तर : कागद-पेन्सिल घ्या, आकडेमोड करून बघू. एका क्रेडिटसाठी एबीएचा नियम असा : १५ आठवडे, दर आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर दोन तास काम, किंवा तेवढंच काम वेगळ्या कालावधीत. वर्गातला तास ५० मिनिटांचा धरलेला चालतो, बाहेरचा मात्र पूर्ण ६० मिनिटांचा. १५ आठवड्यांत एक आठवडा परीक्षेचा धरता येतो, म्हणून वर्गातली १४ गुणिले ५० म्हणजे ७०० मिनिटं हा आकडा सगळीकडे रूढ आहे. बाहेरचं काम ३० तासांचं.

आता पाच क्रेडिट. वर्गात ३,५०० मिनिटं. आठवड्याला चार दिवस वर्ग, म्हणजे चार आठवड्यांत १६ दिवस. दिवसाला जवळपास २१९ मिनिटं, म्हणजे पावणेचार तासांना थोडे कमी. बाहेरचं काम १५० तास. ते २८ दिवसांवर पसरलं तरी रोज सव्वापाच तासांच्या वर जातं, आणि त्या २८ दिवसांत तुमचे सगळे शुक्रवार, शनिवार, रविवार धरलेले आहेत. गुरुवारी संध्याकाळी विमान पकडून रविवारी रात्री परतलात, तर उरलेल्या दिवसांवर तो बोजा पावणेदोन पट होतो. काही कार्यक्रम वाचनाचा भाग एप्रिल-मेमध्येच पाठवतात. तो निघण्याआधी वाचून संपवलात तरच हे गणित जमतं. पाचाऐवजी चार क्रेडिट घेतलीत तर रोजचा पाऊण तास वर्गातला आणि तासाहून जास्त बाहेरचा सुटतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी चारच घ्यावीत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हजेरीचं कारणही याच गणितात आहे. नेहमीच्या सत्रात १४ आठवड्यांत जे शिकवतात ते इथे १६ दिवसांत बसवलेलं असतं. म्हणजे इथला एक चुकलेला दिवस हा नेहमीच्या सत्रातला जवळपास एक पूर्ण आठवडा चुकण्यासारखा, आणि तोही एका विषयाचा नाही, त्या दिवशीच्या सगळ्या विषयांचा. विद्यार्थ्यांनी नियमित हजर राहिलं पाहिजे अशी एबीएची अट आहे. ती पाळली नाही तर त्याचा जाब लॉ स्कूलला द्यावा लागतो, म्हणून संचालक सवलत द्यायला नाखूश असतात.

व्यवहारात घोटाळे होतात ते असे. सोमवारी सकाळचा वर्ग रविवारी रात्रीच्या गाडीच्या भरवशावर सोडलेला असतो, गाडी रद्द होते, आणि रद्द गाडी हे सबळ कारण धरलं जात नाही. उशिरा येणंही मोजलं जातं. काही ठिकाणी पंधरा मिनिटं उशीर म्हणजे गैरहजेरी. आजारी पडलात तर त्याच दिवशी, वर्ग सुरू होण्याआधी, संचालकांना ईमेल करा आणि डॉक्टरकडून चिठ्ठी घ्या. चौथ्या दिवशी आणलेल्या चिठ्ठीला कमी वजन असतं.

आणखी एक. न्यायालयाची भेट ही सहल नाही. हेगच्या कार्यक्रमात आंतरराष्ट्रीय न्यायालय किंवा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय बघायला नेतात, तेव्हा प्राध्यापकांनी तो वेळ वर्गाच्या मिनिटांत धरलेला असू शकतो. तसं असेल तर हजेरी तिथे दारात घेतली जाते. मूळ पासपोर्ट खोलीवर राहिला म्हणून सुरक्षा तपासणीतून आत सोडलं नाही, तरी गैरहजेरी लागते ती तुमच्या नावावर.

प्रश्न : यजमान लॉ स्कूल ‘ग्रेड की पास-फेल’ असा पर्याय देतं. ताण कमी म्हणून पास-फेल घ्यावं का? आणि मला परीक्षेत दीडपट वेळ मिळतो, तो तिथेही मिळेल ना? (विद्यार्थिनी, ह्यूस्टन)

उत्तर : पास-फेल घेऊ नका, निदान तुमच्या रजिस्ट्रारचं उत्तर येईपर्यंत. तुमच्या लॉ स्कूलची अट ‘किमान सी ग्रेड’ अशी असेल, तर ‘पास’ या शेऱ्यातून सी होता की डी हे कळत नाही, आणि क्रेडिट नाकारलं जाऊ शकतं. हा पर्याय बहुधा पहिल्या आठवड्यातच निवडायचा असतो आणि नंतर बदलता येत नाही. उलट तुमचं लॉ स्कूल बाहेरचे ग्रेड जीपीएत धरतच नसेल, तर ग्रेड घेतल्याने तुमचं काही बिघडत नाही. सी मिळाला काय आणि ए मिळाला काय, तुमच्या ट्रान्सक्रिप्टवर नुसतं क्रेडिट दिसतं. मात्र कार्यक्रम तुमच्याच लॉ स्कूलचा असेल तर चित्र बदलतं. तेव्हा ग्रेड नेहमीसारखा जीपीएत जातो आणि नेहमीचा कर्व्हही (वर्गात ग्रेड ठरलेल्या प्रमाणातच वाटण्याची पद्धत) लागू शकतो. वर्गात पंधरा जण असताना कर्व्ह लागला तर काय होतं, हे दुसऱ्या वर्षाच्या कुणालाही विचारा. लहान वर्गाला कर्व्हमधून सूट आहे का, हे शैक्षणिक नियमपुस्तिकेत असतं.

दीडपट वेळ आपोआप मिळत नाही. तुमच्या लॉ स्कूलने दिलेली सवलत यजमानाला माहीतही नसते. यजमानाच्या अपंगत्व सेवा कार्यालयाकडे नव्याने अर्ज करा, सोबत वैद्यकीय कागद आणि तुमच्या लॉ स्कूलचं सवलतीचं पत्र जोडा. हे काम प्रवेश पक्का झाल्याच्या आठवड्यातच उरका. परदेशातल्या भाड्याच्या इमारतीत वेगळी खोली आणि वेगळा पर्यवेक्षक उभा करायला वेळ लागतो. उशीर झाला की कार्यालय ‘इथे शक्य नाही’ म्हणून मोकळं होतं आणि तुमच्या हातात वाद घालण्यापलीकडे काही उरत नाही.

परीक्षेचं सॉफ्टवेअर अमेरिकेतच उतरवून, सराव परीक्षा एकदा देऊन निघा. यजमानाचं सॉफ्टवेअर तुमच्या लॉ स्कूलसारखंच असलं तरी खातं वेगळं असतं. वसतिगृहाच्या वायफायवर आदल्या रात्री पंचवीस जण एकदम उतरवायला बसले की काय होतं, ते ओघाने आलंच. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, परीक्षा क्रमांक असतो, आणि तो यजमानाचा असतो. जुन्या सवयीने आपल्या लॉ स्कूलचा क्रमांक टाकू नका.

परतीचं तिकीट परीक्षेच्या दुसऱ्या दिवसाचं काढा. लवकर परीक्षा द्यायची विनंती जवळपास कुठेच मान्य होत नाही, कारण इतरांना प्रश्न कळायचा धोका असतो.

प्रश्न : दोन उन्हाळे परदेशात केले तर एक सत्र वाचवून डिसेंबरमध्ये पदवी घेता येईल का? (विद्यार्थी, बॉस्टन)

उत्तर : बहुतेक करून नाही. कार्यक्रमांच्या माहितीपत्रकातही तसं छापलेलं असतं, की यातून पदवी लवकर मिळण्याची शक्यता कमी आहे, आपल्या लॉ स्कूलला विचारा.

एबीएच्या चौकटीतले आकडे असे. जेडीला किमान ८३ क्रेडिट लागतात, बरीच लॉ स्कूलं त्याहून थोडी जास्त ठेवतात. त्यातली किमान ६४ नियमित वर्गातली किंवा थेट प्राध्यापकांच्या शिकवण्यातली हवीत. पदवी २४ महिन्यांच्या आत पूर्ण करता येत नाही. परदेशातल्या अभ्यासाची क्रेडिट एकूण क्रेडिटच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त होता कामा नयेत. ८३ धरली तर २७. दोन उन्हाळ्यांची दहा आणि एक पूर्ण सत्र परदेशात काढल्याची पंधरा झाली, की तुम्ही २५ वर पोचता आणि फार जागा उरत नाही. शिवाय एका वेळी एकूण क्रेडिटच्या २० टक्क्यांहून जास्त क्रेडिटसाठी नाव नोंदवता येत नाही. ८३ च्या हिशोबात १६. म्हणजे उन्हाळ्यात दहा मिळवली आणि बाकीच्या सत्रांत कोंबून उरलेली भरून काढली, असंही फार होत नाही.

खरा अडसर बहुधा लॉ स्कूलच्या स्वतःच्या नियमात असतो. ‘किमान इतकी पूर्णवेळ सत्रं इथे’ अशी अट असली की क्रेडिट पुरेशी असूनही शेवटचं सत्र टळत नाही. ही अट नियमपुस्तिकेत ‘निवासाची अट’ या मथळ्याखाली शोधा. दुसरं, अनिवार्य गोष्टी : प्रत्यक्ष अनुभवाच्या अभ्यासाची किमान ६ क्रेडिट आणि वरच्या वर्षातलं संशोधन-लेखन. उन्हाळी विषय या खात्यांत धरला जाईल असं गृहीत धरू नका, वेगळी परवानगी लागते.

हे सगळं जमून डिसेंबरची पदवी निघालीच, तर पुढची बार परीक्षा (वकिलीच्या परवान्यासाठीची परीक्षा) फेब्रुवारीत येते. तिच्या अर्जाची मुदत काही राज्यांत सत्र संपण्याच्या आधीच उलटते. आधी ती तारीख बघा, मग बाकीची आखणी करा.

प्रश्न : पुण्याहून एलएलबी करून न्यूयॉर्कमध्ये एलएलएमला (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला) आलोय. न्यूयॉर्क बार द्यायची आहे. आमच्या लॉ स्कूलच्या उन्हाळी परदेशी कार्यक्रमातली चार क्रेडिट एलएलएमच्या २४ मध्ये धरली जातील का? (विद्यार्थी, न्यूयॉर्क)

उत्तर : लॉ स्कूल कदाचित पदवीसाठी धरेल. बारच्या पात्रतेसाठी मात्र त्यांच्यावर विसंबू नका. हा फरक लक्षात न आल्याने नुकसान होतं आणि ते नंतर भरून काढणं फार अवघड असतं.

परदेशी कायदा पदवीवर न्यूयॉर्क बार देऊ पाहणाऱ्यांसाठी न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाचा नियम ५२०.६ आहे. एलएलएम किमान २४ क्रेडिटचं, दर क्रेडिटला किमान ७०० मिनिटं शिकवणं, आणि अभ्यास अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या अमेरिकेतल्याच आवारात, अशी त्याची मुख्य अट आहे. पूर्ण एलएलएम नुसत्या उन्हाळ्यांत करता येत नाही. उन्हाळी सत्रातली जास्तीत जास्त ४ क्रेडिट चालतात. तुमच्या लॉ स्कूलमध्ये कुणी ‘उन्हाळ्याची चार चालतात’ असं सांगितलं असेल तर ती हीच चार, पण ती न्यूयॉर्कच्या आवारात शिकलेली. फ्लॉरेन्सच्या वर्गाला ती मुभा लागू होत नाही.

त्या २४ मध्ये ठराविक विषयही लागतात : वकिली व्यवसायाच्या जबाबदाऱ्या २, कायदेशीर संशोधन-लेखन २, अमेरिकन कायद्याची ओळख २ आणि बार परीक्षेतल्या विषयांची ६ क्रेडिट. ही २४ न्यूयॉर्कमध्येच पूर्ण करा. त्यावर फ्लॉरेन्सची चार घ्यायची असतील तर ती वरकड समजून घ्या. आणि भारतातल्या पदवीचे कागद न्यूयॉर्कच्या बार परीक्षक मंडळाकडे पूर्वमूल्यांकनासाठी पाठवले नसतील तर ते आधी पाठवा. विद्यापीठाकडून मोहोरबंद गुणपत्रिका निघायला लागणारा वेळ तुम्हाला ठाऊक आहेच.

प्रश्न : मुलगा एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) जेडी करतोय, पासपोर्ट भारतीय. रोमला जाणार आहे आणि तिथून लंडनला चार दिवस. परत अमेरिकेत शिरताना काही अडचण? (एक वडील, नाशिक)

उत्तर : दादा, दोन वेगळे व्हिसा लागतील. रोम शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) येतं, लंडन येत नाही. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त सहा महिने आणि किमान १५ दिवस करता येतो. मुलगा अमेरिकेत राहतो, म्हणून अर्ज तो राहतो त्या राज्याचं काम बघणाऱ्या इटलीच्या वाणिज्य दूतावासाकडे जाईल, मुंबईत नाही. प्रौढांची फी ९० युरो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोचा हवा. पासपोर्ट शेंगेनमधून निघाल्यावर पुढे तीन महिने वैध आणि गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा. मार्चमध्येच भेटीची वेळ घ्या, एप्रिल-मेमध्ये वेळा मिळत नाहीत. आणि व्हिसासाठी कार्यक्रमाचं पत्र लागतं, ते प्रवेश पक्का झाल्यावरच निघतं, तेव्हा प्रवेशाचा अर्ज आधी उरकलेला बरा.

अमेरिकेत परतताना तीन गोष्टी बघतात. आय-२० वर (लॉ स्कूलने एफ-१ साठी दिलेल्या दाखल्यावर) प्रवासाची सही, ती एक वर्ष चालते, तेव्हा निघण्याआधी तारीख तपासा. पासपोर्ट वैध. आणि पासपोर्टवरचा एफ-१ व्हिसाचा शिक्का परतायच्या दिवशी वैध. मुदत संपलेल्या शिक्क्यावर परत घेण्याची सवलत कॅनडा, मेक्सिको आणि जवळच्या काही बेटांच्या छोट्या प्रवासापुरती आहे, इटलीला नाही. शिक्का संपला असेल आणि ‘रोममधल्या अमेरिकी दूतावासातून नवा घेऊ’ असा विचार असेल तर तो सोडा. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची सूचना अशी आहे, की असे अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातूनच करावेत. म्हणजे मुलाला रोमहून भारतात यावं लागेल आणि तिथली मुलाखतीची वेळ आधी मिळवावी लागेल. ती ऑगस्टच्या मध्याआधी मिळत नसेल तर यंदा रोम नको.

उन्हाळा ही त्याची नियमित सुट्टी असेल आणि ऑगस्टमध्ये तो पूर्णवेळ परतणार असेल, तर परदेशात शिकल्याने एफ-१ ला धक्का लागत नाही. तरीही निघण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला तारखा कळवाव्यात.

प्रश्न : मी पाच वर्षांच्या बीए एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकन लॉ स्कूलच्या उन्हाळी कार्यक्रमाला भारतातून थेट जाता येईल का? ते इंटर्नशिप म्हणून धरतील का? (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : काही कार्यक्रम परदेशी कायदा विद्यार्थ्यांना घेतात, त्यांना बहुधा प्रमाणपत्र मिळतं. ते क्रेडिट तुमच्या विद्यापीठाच्या पदवीत आपोआप येत नाही. इंटर्नशिप म्हणूनही धरू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनुसार पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते आणि ती वकील, न्यायालयं, स्वयंसेवी संस्था, कायदेमंडळं अशा ठिकाणी करायची असते. वर्गात बसून शिकणं त्यात येत नाही. विषयवार ७० टक्के हजेरीची अटही त्याच नियमांत आहे. आपल्याकडची सत्र परीक्षा मे-जूनमध्ये लांबली तर तारखांची टक्कर होते, म्हणून कॉलेजचं परीक्षा वेळापत्रक येईपर्यंत परत न मिळणारी रक्कम भरू नका.

प्रश्न : कर्ज मिळतं का? (विद्यार्थी, ग्रीनकार्डधारक, सॅन होजे)

उत्तर : मिळू शकतं. कार्यक्रम दुसऱ्या लॉ स्कूलचा असेल तर दोन्ही लॉ स्कूलांत ‘कन्सॉर्टियम करार’ व्हावा लागतो आणि पैसे तुमच्या लॉ स्कूलमार्फत येतात. उन्हाळ्यासाठी किमान किती क्रेडिट हवीत ते आर्थिक साहाय्य कार्यालयाला विचारा. सगळ्यात मोठी अडचण वेळेची : यजमानाची फी एप्रिलमध्ये भरायची आणि कर्ज हातात यायचं मे अखेरीस. मधल्या काळाची सोय तुम्हालाच करावी लागते, किंवा यजमानाला कर्ज मंजुरीचं पत्र दाखवून मुदत मागावी लागते. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना कायद्यासारख्या व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंतच मिळतं. उन्हाळ्याची रक्कम कोणत्या वर्षाच्या मर्यादेतून कापली जाईल ते लॉ स्कूल ठरवतं. येत्या वर्षाच्या मर्यादेतून गेली तर वसंत सत्राच्या फीला तेवढी रक्कम कमी पडेल.

प्रश्न : कार्यक्रम रद्द झाला तर? (एक पालक, टोरांटो)

उत्तर : माहितीपत्रकात रद्द होण्याचं कलम असतं, ते अनामत भरण्याआधी वाचा. यजमानाने रद्द केला तर भरलेले पैसे परत, शक्य असेल तिथे दुसऱ्या कार्यक्रमात जागा मिळवून द्यायला मदत, असं त्यात असतं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्या देशासाठी तिसऱ्या किंवा चौथ्या पातळीचा प्रवास इशारा काढला, तर विद्यार्थ्याला माघार घ्यायची मुभा असते आणि राहण्या-खाण्याचा वापरलेला भाग वगळून पैसे परत मिळतात. विमानाचं तिकीट मात्र कुणीच परत देत नाही, म्हणून ते बदलता येईल असंच काढा. आणि विद्यार्थी आपणहून मागे फिरला, तर पहिल्या वर्गानंतर फी परत मिळत नाही आणि ट्रान्सक्रिप्टवर ‘डब्ल्यू’ (विषय मध्येच सोडला) असा शेरा येऊ शकतो. न जाण्याचं मनात असेल तर संचालकांना पहिल्या वर्गाच्या आधी ईमेलने कळवा आणि त्यांची पोच जपून ठेवा.